फुलांच्या शेडमधली होडी

फसवणूक माझी झाली आणि ती खैरनार सरांनी केली. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे लिहिता लिहिता माझा गोंधळ होणार आहे. हीच गोष्ट लोकांना सांगताना कित्येक वर्षं मी सुरेखाचं नाव घेत होते. मध्यंतरी काही दिवस वाटायचं, मशीननेच फसवलं. गेल्या वर्षापासून सरांचं नाव घेते. मी फुलांच्या धंद्यात वाढलेली बाई आहे. टोपलीत वर ताजी आणि खाली कालची फुलं कोणी लावली, हे मला चार पावलांवरून कळतं. तरी माझ्याच बाबतीत नेमकं कोणी काय केलं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. म्हणून लिहायला बसले.

गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला आमचा मळा होता. शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि पाटाच्या कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्या दोन्ही मिळून होतील त्याहून मोठी पत्र्याची शेड. आमचं सगळं जगणं त्या शेडमध्ये. तोडलेली फुलं गोणपाटांवर पसरायची, निवडायची, पाणी मारायचं, करंड्या बांधायच्या. मी, माझे वडील नाना आणि आई, जिला आम्ही माय म्हणायचो, असे तिघं दिवसभर तिथं. शेडमध्ये नानांचा रेडिओ असायचा, त्याला नीट लागणारं एकच स्टेशन. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजायची. आणि माय हार ओवताना दोरा दातांनी तोडायची, त्याचा बारीक 'टक्' असा आवाज दर दोन-तीन मिनिटांनी यायचा. झेंडूचा पिवळा भुगा आमच्या भाकरीवरसुद्धा बसायचा. बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कांदा हे रोजचं. रविवारी माय कुळथाचे शेंगुळे करायची, लसणाची फोडणी देऊन, इतके तिखट की नाना खाताना कोणाशी बोलायचे नाहीत.

बोलायला आणि भांडायला मी पंचवटीच्या बाजारात शिकले. मायबरोबर टेम्पोत करंड्यांच्या मध्ये बसून जायचे. माय गरीब स्वभावाची. गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलवायची. दहा-अकरा वर्षांची असताना मी तिला मागे बसवलं आणि पुढे मी बसले. एक पुजारी रोज यायचे, रोज म्हणायचे, "देवाचं काम आहे, कमी कर." मी म्हणायचे, "देवाला सांगा, झेंडूला पाणी घालायला या." ते हसायचे, घासाघीस करायचे, शेवटी माझ्याच भावात घ्यायचे. सौदा ठरला की आमच्याकडे एकमेकांच्या तळहातावर हात मारायचा. हात मारला की संपलं, मग कोणी मागे फिरत नाही. अजूनही मी तसाच धंदा करते. कागदावर सही घेणाऱ्यांपेक्षा हात मारणाऱ्यांनी मला कमी वेळा बुडवलंय.

धरणावर होड्यांचा सरकारी क्लब होता. दसऱ्याला तिथल्या सगळ्या होड्यांची पूजा व्हायची, आणि लांबड्या, बोटभर जाड भिंतींच्या त्या होड्यांना झेंडूची तोरणं आमच्या मळ्यातून जायची. मी तोरणं द्यायला गेले आणि तिथल्या प्रशिक्षकांशी, म्हणजे खैरनार सरांशी, तोरणाच्या लांबीवरून माझं वाजलं. त्यांनी सांगितली होती त्याच्यापेक्षा होडी हातभर लांब निघाली, आणि वाढलेलं तोरण ते आधीच्याच भावात मागत होते. सर फौजेतून निवृत्त झालेले, सटाण्याकडचे. चिडले की त्यांच्या तोंडून तिकडची अहिराणी बाहेर पडायची. ते माझ्या दंडांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू भांडाले उनी का शिकाले उनी?" मी म्हटलं, "मी फुलं द्यायला आले." ते म्हणाले, "उद्या सकाळी ये. फुलं नको आणू."

अशी मी वल्हवायला लागले. पाण्यात ते काय सुख होतं, हे लिहून सांगता येणार नाही. सुरेखा तिथं आधीपासून होती. धरणावरच्या चौकीदाराची मुलगी, लांब हातांची, अजिबात न बोलणारी. मी दहा वाक्यं बोलले की ती एकदा 'हं' म्हणायची. आम्ही दोघी मिळून एकाच होडीत चांगल्या चालायचो, कारण मी पुढे बसून बडबड करायचे आणि ती मागून माझा ताल सांभाळायची. सरांनी दोघींना रोज दोन उकडलेली अंडी खायला सांगितली होती. आमच्या घरात अंडं शिजवणं शक्य नव्हतं. देवाला जाणारी फुलं त्याच घरातून जायची. मग मी मोटारीच्या खोपटामागे तीन विटांवर डालड्याच्या डब्यात अंडी उकडायचे आणि सुरेखा राखण करायची. मायला ते माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही, पण खोपटाच्या कोपऱ्यात एक मिठाची पुडी आणून ठेवली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी इतकं मागे जायचं की होडी उचलून चिखलातून चालत न्यावी लागायची, आणि शेवटी तेही बंद व्हायचं. त्या वर्षी सरांनी पुण्याच्या एका क्लबातून जुनं मशीन आणलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी बसायची जागा, पाय अडकवायला दोन पट्टे, आणि समोर गोल, भोकाभोकांच्या जाळीत बंद केलेला मोठा पंखा. त्या पंख्याला साखळी आणि साखळीला मूठ. पायांनी रेटा देऊन मूठ पोटाशी ओढायची, की पंखा घूंऽऽ करत फिरतो. वल्हवताना जसं अंग चालतं तसंच इथं चालतं, फक्त पाणी नाही. वर छोटी स्क्रीन. होडी असती तर एवढ्या वेळात किती पुढे गेली असती ते ती दाखवते. जाळीच्या बाजूला एक खटका, एक ते दहा आकड्यांचा.

मशीन क्लबच्या खोलीत ठेवलं आणि चार दिवसांत वादळानं त्या खोलीचे पत्रे उडवून नेले. सर मशीन ठेवायला जागा शोधत होते. ही बातमी सुरेखानं मला सांगितली, आणि अर्ध्या तासात मी सरांसमोर उभी होते.

"सर, आमच्या शेडमध्ये ठेवा. पत्रा पक्का आहे, कुलूप आहे."

"बरं होईल गं."

"पण रोज संध्याकाळी एक तास मशीन माझं एकटीचं."

"आणि बाकीच्या पोरी?"

"त्यांनी मंगळवार-शुक्रवार यावं. जागा आमची, झाडलोट आमची, लाईट आमची."

सर म्हणाले, "सरकारी सामान आहे, तुझ्या बापाचं नाही." मी म्हटलं, "मग पावसात ठेवा सरकारी सामान." ते हसले. मी हात पुढे केला, त्यांनी माझ्या तळहातावर हात मारला. सुरेखा तिथंच उभी होती. तिला आठवड्यातून दोनच दिवस मिळणार होते. ती 'हं' म्हणाली.

मशीन आलं त्या दिवशी नाना त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. बैल विकत घेताना बघतात तसं त्यांनी ते बघितलं.

"याला पाणी लागत नाय?"

"नाय, नाना."

"मग हे जातं कुठं?"

"कुठंच नाय जात."

"मग तू कशाला दमतेस?"

मी पायाचे पट्टे आवळले आणि मूठ ओढली.

सरांनी आम्हाला खटका समजावून सांगितला होता, हे मी कबूल करते. ते म्हणाले होते, हा आकडा म्हणजे वजन नाही, जाळीतून हवा किती आत जाते ते आहे. हवा जास्त गेली की पंखा जड होतो, पण जड ओढलं म्हणून स्क्रीन जास्त अंतर देत नाही. ती फक्त तुमचा वेग बघते. मी अर्धवट ऐकलं. माझ्या डोक्यात बाजार होता. दहापर्यंत आकडे असताना चार घेणारा माणूस मी पंचवटीत पाहिला नव्हता. मी खटका दहावर नेला आणि तिथंच ठेवला. सरांनी एकदा विचारलं, "दहावर ओढवतंय?" मी म्हटलं, "मस्त ओढवतंय." आणि खरंच ओढवत होतं. पहिला आठवडा जरा जड गेला, मग दिवसेंदिवस हलकं वाटायला लागलं. मला वाटलं, ताकद वाढली. सर माझी वेळ बघून भुवया उंच करायचे. दोन हजार मीटर मी आठ मिनिटं चार सेकंदांत जायचे. सुरेखा कधी आठ बारा, कधी आठ चौदा.

त्या संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. माय गोणपाटावर बसून हार ओवतेय, मी ओढतेय, पंखा घूंऽऽ करतोय. मायचा हात माझ्या तालावर चालायला लागला. "तुझ्या या यंत्रामुळं माझा हार लवकर होतो," ती म्हणायची. पण पंख्याच्या वाऱ्यानं तिची निवडलेली फुलं उडायची. एक दिवस ती वैतागली. "मंगे, त्याचं तोंड तिकडं फिरव. फुलं वाळून चालली." मग आम्ही मशीन फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं, जिथं रिकाम्या गोण्यांची थप्पी असायची. मायची फुलं वाचली. आमच्या मते प्रश्न मिटला.

पावसाळ्याच्या तोंडावर निवड चाचणी ठरली. राज्याच्या संघात दोघींची एक होडी जाणार होती. पुण्याची एक मुलगी आधीच पक्की झालेली, तिच्या जोडीला एकच जागा उरली होती, आणि ती आमच्या क्लबातून भरायची होती. पाणी नव्हतं, म्हणून निवड मशीनवर. दोन हजार मीटर, जिची वेळ कमी ती जाईल. त्याच सुमारास येवल्याकडून माझ्यासाठी पाहुणे बघायला येऊन गेले होते. मुलगा चांगला होता, त्याच्यात काही खोट नव्हती. पण मला होडीत बसायचं होतं. मी नानांशी सौदा केला.

"जागा मिळाली तर दोन वर्षं पाहुण्यांना नाय म्हणायचं."

"आणि नाय मिळाली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तेव्हा."

"दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर. मारा हात."

नानांनी मायकडे बघितलं. मायनं दोरा तोडला. मग नानांनी हात मारला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सौद्यांत तो एकच असा, की ज्यात काय पणाला लागलंय हे मला नीट समजलं होतं.

चाचणीच्या आठ दिवस आधी क्लबच्या खोलीवर नवे पत्रे पडले आणि मशीन परत गेलं. शेवटचे दिवस लग्नसराईचे होते. आमच्याकडे फुलांना उसंत नव्हती. सर म्हणाले, "तू आता ओढू नको, विश्रांती घे, तुझं झालंय." ती विश्रांती मी पंचवटीत करंड्या उचलून घेतली. म्हणजे मशीन शेडमधून गेल्यावर चाचणीच्या सकाळपर्यंत मी त्याला हात लावला नाही. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहितेय.

त्या सकाळी क्लबच्या खोलीत आम्ही चौघी मुली, सर आणि वेळ नोंदवायला पुण्याहून आलेल्या एक मॅडम. चिठ्ठ्या टाकल्या, माझा दुसरा नंबर आला, सुरेखाचा तिसरा. मला ते चालणार नव्हतं. लिलावात शेवटची बोली लावणाऱ्याला आधीचे सगळे आकडे माहीत असतात, मला शेवटी बसायचं होतं. मी भांडायला सुरुवात केली. तेवढ्यात सर माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "मंगल, जरा बाहेर ये. ऐक—"

"सर, आधी माझं ऐका. मी दुसरी बसणार नाय."

"ते राहू दे. ऐक तर."

"राहू कसं दे? मशीनला जागा कोणी दिली?"

मॅडम घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "सर, उशीर होतोय." सरांनी माझ्या कोपराचा हात काढला. "बरं, शेवटी बस," म्हणाले, आणि स्क्रीनपाशी जाऊन उभे राहिले. मी जिंकले होते. मला आठवतंय, मी इतर मुलींकडे कसं बघितलं होतं.

मॅडमनी सांगितलं, खटका जिनं तिनं आपल्या सवयीप्रमाणे ठेवावा. सुरेखा बसली आणि तिनं खटका चारवर नेला. आमच्या शेडमध्ये ती सात-आठवर ओढायची. मी हसले. "काय गं, चारवर? आजारी आहेस का?" तिनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि परत खाली, पायाच्या पट्ट्यांकडे. ती नजर मी तीस वर्षं चोराची नजर म्हणून जपून ठेवली होती. ती आठ मिनिटं नऊ सेकंदांत गेली. तिची तोवरची सगळ्यात चांगली वेळ. माझ्या हातात पाच सेकंद होते.

मी बसले, खटका दहावर नेला आणि ओढायला लागले. पहिल्याच ओढीला पंख्याचा आवाज वेगळा आला. शेडमध्ये तो घूं असायचा, इथं पाईपातून पाणी फुटावं तसा गडगडला. मला वाटलं, नवे पत्रे आहेत, घुमतोय. पहिले पाचशे मीटर मी सुरेखापेक्षा पुष्कळ पुढे होते. हजारला मांड्या दगड झाल्या. बाराशेला हाताची बोटं मुठीवरून सुटायला लागली. कोणी तरी मागून मशीन धरून ठेवलंय असं वाटत होतं, आणि मी एकदा खरंच मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. सर हातांची घडी घालून उभे होते. शेवटचे चारशे मीटर कसे ओढले ते आठवत नाही; स्क्रीनवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे दिसत होते. आठ मिनिटं एकतीस सेकंद.

बाहेर रेतीत मी ओकले. सुरेखा पाण्याची बाटली घेऊन आली. मी ती बाटली धरणाकडे भिरकावली आणि तिला चोरटी म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं. तिच्या बापालाही सोडलं नाही. का चोरटी, ते मला सांगता आलं नसतं. काहीतरी चोरीला गेलंय एवढंच कळत होतं. ती 'हं' सुद्धा म्हणाली नाही. सर माझ्या शेजारी उकिडवे बसले. "शरीराचा एखादा दिवस असा असतो," ते म्हणाले. एवढंच. सुरेखा संघात गेली, पुढे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागली. दिवाळीनंतर माझं लग्न झालं. माझी नवऱ्याबद्दल काही तक्रार नाही, हे स्वच्छ लिहिते. येवल्याला जाऊन मी भाड्याच्या अर्ध्या एकरात शेवंती लावली, आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे, परत नाशकात आहे, आणि माझ्याशी भाव करायला येणारे आधी चहा पिऊन येतात. होडीत मात्र मी परत बसले नाही.

आता गेल्या वर्षीचं. कंबर धरायला लागली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. गंगापूर रोडवरची एक जिम बंद होऊन तिचं सामान विकायला निघालं होतं. त्यात तसंच मशीन. मी मालकाला तास-दीड तास घोळवलं आणि मनासारखं घेतलं. घरी आणून सवयीनं दहावर ठेवलं. महिनाभर या वयातही छान ओढवत होतं. मी नवऱ्याला दंड दाखवत फिरत होते. मग साखळी खरखर करायला लागली म्हणून जुन्या नाशकातले कादरभाई आले. शिलाई मशीनपासून जिमच्या मशीनपर्यंत सगळं ते दुरुस्त करतात. त्यांनी साखळीला तेल दिलं आणि मी न सांगता पुढची जाळी उघडली. आतून धुळीचा आणि कपड्यांच्या तंतूंचा करडा थर निघाला, घोंगडीसारखा सबंध.

"ताई, याची तर उशी होईल," ते म्हणाले. "आता बघा बसून."

मी बसले आणि ओढलं, आणि खांद्यातून हात उपटतील असं वाटलं. गडगडाट झाला. तोच आवाज.

"काय आवळलंत तुम्ही?"

"काहीच नाही आवळलं. आधी भोकं बुजलेली होती, हवा जात नव्हती. तुमचा दहा म्हणजे चार-पाचच होता. आता दहा तो दहा आहे."

मी मशीनवरून उतरून फरशीवर बसले. कादरभाईंना वाटलं चक्कर आली. त्यांनी माझ्या सुनेला हाक मारली. मला दिसत होतं ते आमच्या शेडमधलं मशीन, गोण्यांच्या थप्पीकडे तोंड करून तीन महिने फिरणारा पंखा, आणि जाळीच्या आत रोज थोडा थोडा बसत जाणारा गोणपाटाचा आणि झेंडूचा पिवळा थर. ताकद वाढली असं मला वाटत होतं तेव्हा जाळी बुजत होती.

मग कोणीतरी ती साफ केली होती. मी सुरेखाचा नंबर शोधून काढला. इतक्या वर्षांनी पहिला फोन, आणि मी नमस्कारसुद्धा केला नाही.

"सुरे, चाचणीच्या आधी ती जाळी कोणी पुसली?"

आता ती थोडी बोलते, नोकरीनं शिकवलं असेल. "मीच पुसली," ती म्हणाली. "सर म्हणाले, उघड. दोन ओंजळी पिवळा भुसा निघाला. मग सरांनी मला बसवून बघितलं. मला सातवर ओढवेना. चारवर बरं वाटलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"मी सरांना म्हटलं, मंगलला सांगून येऊ का. ते म्हणाले, मी सांगतो."

"मी तुला विचारलं ना, चारवर का म्हणून? तेव्हा तोंड का नाय उघडलंस?"

"मी सरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, तुला सांगून झालंय. आणि सांगून झाल्यावरही तू दहावरच बसणार, असा तुझा स्वभाव."

"मान कशी हलवली? हो म्हणून, का गप्प बस म्हणून?"

"मंगे, तीस वर्षं झाली गं." मग ती म्हणाली, "ती बाटली सरकारी होती. मला भरून द्यावी लागली." आणि आम्ही दोघी हसलो, आणि मग मी फोन ठेवला, कारण मला रडू येत होतं आणि ते मी तिला फुकट ऐकवणार नव्हते.

तेव्हापासून मी हे उलटसुलट करून बघतेय. शेडचा सौदा मी केला. तो केला नसता तर सगळ्यांना सारखाच सराव मिळाला असता. मशीनचं तोंड आम्हीच फिरवलं, मायच्या फुलांसाठी. दहाचा हट्ट माझा. विश्रांती घे असं सर म्हणाले, त्यात खोट होती का? असेलही, नसेलही, चाचणीआधी विश्रांती देतातच. जाळी साफ करणं हे प्रशिक्षकाचं कामच आहे. त्या सकाळी त्यांनी माझ्या कोपराला हात लावला तो हेच सांगायला, असं मी एक दिवस धरून चालते. दुसऱ्या दिवशी वाटतं, ते फक्त माझं भांडण थांबवायला आले होते. चौकीदाराची मुलगी, घरात चार तोंडं, तिला नोकरीची गरज माझ्यापेक्षा जास्त; सरांनी असा काही विचार केला असेल का? केला असेल तर तो मला तोंडावर सांगायचा; मी भांडले असते, पण मला कळलं तरी असतं. आमच्या बाजारात माल खराब निघाला की विकणारा आधी म्हणतो, तुम्ही बघून घेतला होता. ते मला पटतं. पण मी बघून घेतलेला माल आठ दिवसांत बदलला होता, आणि तो बदलणाऱ्याला ते माहीत होतं.

मी सरांना फोन केला होता. ते सटाण्याला मुलाकडे असतात, ऐकू नीट येतं, बोलणं खणखणीत आहे. "कोण मंगल? फुलंवाली का? तू लय चांगली ओढायचीस," म्हणाले. मी जाळीचं विचारलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, छताच्या साध्या पंख्याचा. मग म्हणाले, "ये कधीतरी इकडं, बोलू. यंदा द्राक्षं चांगली शे." आणि फोन सुनेकडे दिला.

सर, मी द्राक्षं खायला येणार नाही. हे लिहिलेलं छापून आलं की पहिली प्रत तुमच्याकडे पाठवणार आहे, आणि सुरेखाला एक. तुम्ही मला खोलीबाहेर बोलावलंत ते जाळीचं सांगायला, की नाही? सुरेखाकडे बघून मान हलवलीत ती कशासाठी? मी दहावर खटका नेला तेव्हा तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभे होता. तुम्ही म्हणाल, पोरगी ऐकायलाच तयार नव्हती. नव्हते. मी सतरा वर्षांची होते, तापट होते, माझा नंबर बदलून घेण्यात गुंग होते. पण पाण्यात तुम्ही आम्हाला एकच सूचना दहा दहा वेळा ओरडून सांगायचात, घसा बसेपर्यंत. त्या दिवशी एकदा ऐकलं नाही म्हणून दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?